खुळखुळ्याचा नकाशा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दुरुस्तीला तोटा नाही. पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा, उमरखेड, कुठल्याही बसस्थानकाबाहेर उभे राहा. शंभर पावलांच्या आत मोटार वाइंडिंगवाला, कूलर-पंखेवाला, मोबाइल रिपेअरिंगची टपरी, बॅटरी चार्जिंगवाला आणि वेल्डर सापडेल. आत स्टुलावर एक पोरगा बसलेला असतो. अंगात शाळेच्या गणवेशाचा शर्ट, हातात पाना आणि नजर उस्तादांच्या बोटांवर. तो पोरगा बहुधा आमच्यासारख्याच एखाद्या उर्दू शाळेचा असतो. सकाळी हजेरीपटावर, दुपारनंतर दुकानात.

सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. मुस्लिम समाज नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहे, असे आकडे त्यात होते. आमच्या मोहल्ल्यात तो अहवाल कुणी वाचला नाही. वाचायची गरजही नव्हती. त्याच सुमारास विदर्भात लोडशेडिंग जोरात होते. रात्ररात्र वीज नसे, आम्ही इमर्जन्सी लाइटच्या उजेडात अभ्यास करायचो आणि तो लाइट बिघडला की मोहल्ल्यातलाच कुणी तो उघडून, दोन टाके मारून परत द्यायचा. वस्तू परत जळू लागे. ती का बिघडली होती, आत काय कशाला जोडले होते, हे त्याने कधी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. या दुकानांत हुन्नर आहे, पण कागद कुठे दिसत नाही. उस्तादांचे सगळे ज्ञान बोटांत. शागिर्दाने पाहून पाहून उचलायचे, हाच दस्तूर.

एक खुलासा आधीच करून टाकतो. उर्दूत आम्ही स्वतःला 'हम' म्हणतो, तीच सवय मराठीत उतरली आहे. या लेखात 'आम्ही' म्हणजे कधी एकटे आम्ही, तर कधी नववीच्या वर्गातली मुले-मुली धरून आम्ही.

2023 च्या पावसाळ्यातली गोष्ट. नववीला 'धाराविद्युत' हा धडा चालू होता. एका मुलीने दप्तरातून एक खेळणे काढून टेबलावर ठेवले. आर्णीला बाबा कंबलपोष यांचा उरूस भरतो, तिथल्या खेळण्यांच्या दुकानातून तिच्या धाकट्या भावासाठी घेतलेले. मुठीत मावेल एवढा दांडा, वर प्लास्टिकचा गोळा, हलवला की आत लाल-निळे दिवे लुकलुकतात. मराठीत खुळखुळा म्हणावे, उर्दूत झुनझुना. फक्त हा आवाजाऐवजी उजेड करणारा. खेळणे खाली पडले, मागचे झाकण उडाले, तीन बटण सेल घरंगळले आणि अडीच वर्षांच्या भावाने त्यातला एक तोंडात टाकला. अम्मीने वेळीच बोट घालून काढला.

"सर, ये खोल के देखो ना. इसका झाकन ऐसा कायकू बनाया?"

प्रश्न फार नेमका होता. कुणी तरी बसून ठरवले होते की झाकण नखाने उघडेल असे असावे. तिला त्या ठरवणाऱ्यालाच जाब विचारायचा होता.

आम्ही खेळणे उघडले. वर्गात वाइंडिंगच्या दुकानात जाणारा एक मुलगा होता, त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. (शाळेत स्क्रू-ड्रायव्हर आणायला मनाई आहे, पण त्या दिवशी ती आठवली नाही.) आत नाण्यापेक्षा थोडी मोठी हिरवट पाटी, तिच्यावर दोन दिवे, एक बारीक स्प्रिंग आणि मधोमध काळ्या लाखेचा एक थेंब. बाकी काही नाही. मुलगा दोन मिनिटे बघत राहिला. मग म्हणाला, "इसमे तो कुछ दिखताच नै. रिपेर कैसे करेंगे?"

तो थेंब या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. सिलिकॉनची उघडी चिप सरळ पाटीवर चिकटवतात, केसापेक्षा बारीक तारांनी ती पाटीवरच्या तांब्याला जोडतात आणि वरून काळ्या इपॉक्सीचा थेंब सोडतात. चिपला वेगळे घर नाही, पाय नाहीत, अंगावर नंबर नाही. लाखोंच्या संख्येने खेळणी करायची असतील तर याहून स्वस्त काही नाही. पण आमच्या बसस्थानकाबाहेरचा कुठलाही उस्ताद त्या थेंबासमोर हात टेकतो. खरवडला तर चिपही जाते. उघडून पाहण्यावर ज्या वस्तीचे पोट चालते, तिच्या मुलांच्या हातात न उघडणारे खेळणे आले होते.

सेलबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण हा लेख वाचणाऱ्यांच्या घरांतही लहान मुले असतील. बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओलाव्यातून विजेचा प्रवाह वाहू लागतो. सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि ती मांस जाळते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. वीस मिलिमीटर व्यासाचे, तीन व्होल्टचे लिथियम सेल यात सर्वांत वाईट, कारण ते आकाराने अडकतात आणि दाबाने जोरदार. मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी करवत बसू नये. तडक मोठ्या दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढावा. आम्ही हे पालकसभेत सांगितले तेव्हा एका आजोबांनी घरी जाऊन घड्याळाचे जुने सेल ठेवलेली वाटी फडताळावरून हलवली, असे त्यांच्या नातवाने सांगितले.

नियम आहेत. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा आदेश 2020 मध्ये निघाला आणि 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 हे मानक आहे. लहान सेलचे झाकण हत्याराशिवाय उघडता कामा नये, हे त्यातले साधे, शहाणपणाचे कलम. आमच्या हातातल्या खेळण्यावर कसलाही शिक्का नव्हता. उरुसातल्या हातगाडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो आमच्याच आळीतला, आमच्याइतकाच अजाण.

तर नववीच्या वर्गाने ठरवले की असा खुळखुळा आपण करायचा आणि त्याची पाटी आपण आखायची. 'आपण' शब्दावर मुलांचा जोर होता. विकत आणलेल्या किटमध्ये पाटी तयार येते, भोके पाडलेली असतात, भाग खुपसून टाके मारले की झाले. ती पुन्हा दुरुस्तीच झाली. आखायचे म्हणजे प्रत्येक भागाला 'तू इथे का' हे विचारायचे.

पहिला वाद सेलवर झाला. बटण सेल नकोच, यावर ती मुलगी ठाम होती. मग पेन्सिल सेल, त्यातला बारीक, ज्याला दुकानदार ट्रिपल ए म्हणतो. दीड-दीड व्होल्टचे दोन. पण ते लांब, प्रत्येकी साडेचव्वेचाळीस मिलिमीटर. गोल डबीत बसेनात. तेव्हा वाइंडिंगवाल्या मुलाने वायरिंगचा वीस एमएमचा पाइप आणला आणि सेल टॉर्चसारखे एकामागे एक दांड्यातच घातले. खुळखुळ्याला दांडा लागतोच. सेलचे ओझे दांड्यात गेले, वरचा गोळा हलका झाला, मूलही नीट धरू शकेल. या एका निर्णयाने पाटीचा आकार ठरला, भागांची जागा ठरली. आम्हाला बी.एड.ला 'समस्या निराकरण पद्धती'वर वीस गुणांचा प्रश्न होता. उत्तर आम्ही छान लिहिले होते. ती पद्धत चालताना पाहिली ती या पाइपाच्या तुकड्यात.

दुसरा वाद चिपवर. मोबाइलच्या टपरीवर बसणाऱ्या एकाने 'पाचशेपंचावन'चे नाव काढले. हान्स कामेंझिंडने 1971 मध्ये आखलेली ही टायमर चिप 1972 मध्ये बाजारात आली आणि दिवे लुकलुकवायचे म्हटले की आजही पहिले नाव तिचेच निघते. पण तिच्या साध्या प्रकाराला निदान साडेचार व्होल्ट लागतात. आमच्याकडे तीन. शिवाय काळा थेंब नाकारून काळा चौकोन आणायचा, हे मुलांना पटेना. तेव्हा एकच ट्रान्झिस्टर, बीसी 547, ज्याचे तीन पाय तीन बोटांसारखे दिसतात.

चालते ते असे. हलवले की स्प्रिंग मधल्या तारेला क्षणभर शिवते. त्या क्षणात 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्याला दुकानात कंडेन्सर म्हणतात, भरून जातो. मग तो 47 किलोओहमच्या रोधातून हळूहळू ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये रिकामा होतो आणि तोवर ट्रान्झिस्टर दिव्यांना वीज देत राहतो. 47 मायक्रोफॅरड गुणिले 47 किलोओहम, सव्वादोन सेकंद निघतात. म्हणजे हलवणे थांबल्यावरही उजेड चटकन विझत नाही, मंद मंद होत जातो. स्विच लागत नाही, कारण खुळखुळा पडून असला की सेलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही.

दिव्यांचा रोध काढणे हा तर धड्यातलाच ओहमचा नियम. तीन व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण दोन व्होल्ट वजा, ट्रान्झिस्टरवर थोडे खर्च, उरले सुमारे 0.9 व्होल्ट. चार मिलिअँपिअर पुरे धरले तर 220 ओहमचा रोध. मुलांना निळा दिवा हवा होता. पण निळ्याला एकट्यालाच जवळपास तीन व्होल्ट लागतात, सेल थोडा उतरला की तो रुसणार. निळा एलईडी मुळातच हट्टी. लाल एलईडी 1962 मध्ये आला आणि झगझगीत निळा यायला 1993 उजाडले; त्या कामाबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल मिळाले. तेव्हा दोन्ही दिवे लाल, प्रत्येकाला आपापला रोध.

स्प्रिंग बॉलपेनची. यावर टाकाच बसेना. कथिलाला बाजारात रांगा म्हणतात, तो स्टेनलेस पोलादाला धरत नाही, थेंब होऊन गळून पडतो. पुस्तकात हे कुठे नाही. वाइंडिंगवाल्या मुलाने काही न बोलता खिशातून तांब्याच्या बारीक तारेचा गुंडा काढला, ब्लेडने तिचे व्हार्निश खरवडले, स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यावर दहा-बारा फेरे ओढून घट्ट मारले आणि टाका त्या तांब्याला दिला. हा मुलगा चाचणीत 'तारेचा रोध कशावर अवलंबून असतो' या प्रश्नाला कोरे पान ठेवून आला होता.

मग आलेख कागदावर आखणी सुरू झाली, आणि इथे एक गंमत कळली जी आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती.

पाटीला दोन बाजू. भाग वरून बसतात, तांब्याच्या वाटा खालून जातात. वरून काढलेला नकाशा खालून उलटा, आरशातल्यासारखा. बीसी 547 ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पाटी पालथी केली की एमिटर, बेस, कलेक्टर. नवशिके इथेच गोंधळतात. आमची मुले फारशी गोंधळली नाहीत. आधी आम्हाला नवल वाटले, मग विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहिले. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. ओळ उजवीकडून डावीकडे चाललेली असते. मध्येच सूत्र येते, ते रोमन अक्षरांत, डावीकडून उजवीकडे. नजर वळते, सूत्र वाचते आणि पुन्हा उलटी फिरते. तिसऱ्या तासाला मराठी, तिची दिशा वेगळी. ही मुले दिवसातून शंभरदा दिशा बदलतात आणि कुणी त्याचे कौतुक करत नाही. उलट 'तीन-तीन भाषांचे ओझे' म्हणून आम्हीच सभांतून गळा काढतो. ओझे आहेच, ते नाकारत नाही. दहावीनंतर उर्दूत विज्ञान शिकायची सोय मोजक्या गावांत, आयटीआय मराठीत, पॉलिटेक्निकची पुस्तके इंग्रजीत. प्रत्येक पायरीला शब्द बदलतात. आम्ही 'बर्क़ी रौ' शिकवतो, मराठी पुस्तकात ती 'विद्युतधारा', दुकानात 'करंट'. आमची 'मुज़ाहमत' मराठीत 'रोध' आणि दुकानात 'रजिस्टन्स'. पाटीच्या नकाशाशेजारी मुलांनी तिन्ही शब्दांचा तक्ता केला आणि कामात मात्र सर्रास दुकानातलेच शब्द वापरले. आम्ही अडवले नाही.

नकाशा उलटा करायला यंत्र लागले नाही. कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरला आणि मागून दिसणाऱ्या रेघा गिरवल्या.

आता तांब्याची पाटी. काचतंतूंच्या फळीवर 35 मायक्रॉन जाडीचा तांब्याचा पत्रा चिकटवलेला असतो. जिथे वाट हवी तिथे रंगाने झाकायचे, बाकी तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळू द्यायचे. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब आहे, तिथे अशा पाट्या यंत्रावर कोरता येतात. 2016 पासून निवडक शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. आमच्याकडे मेंदीचा कोन होता. मार्करच्या रेघा विरळ पडत होत्या, तेव्हा त्या मुलीने घरून रिकामा कोन आणला, त्यात ऑइलपेंट भरला आणि ईदच्या आदल्या रात्री मोहल्ल्यातल्या तीस-चाळीस हातांवर जी रेघ ओढते तीच रेघ तांब्यावर ओढली. एकसारखी, कुठे न तुटणारी. वळणावर कोपरा न करता गोलाई ठेवली. वाटा संपल्यावर थोडी जागा उरली. तिथे तिने उर्दूत 'जमात नहुम' लिहिले. नहुम म्हणजे नववी.

फेरिक क्लोराइडचे पाणी चहासारखे दिसते आणि कपड्यावर पडले तर डाग जन्मभर. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, हातमोजे घालून, ट्रे सावकाश डुलवत अर्धा तास. तांबे कडेकडेने नाहीसे होत जाते आणि खालची पिवळट फळी उघडी पडते. रंग थिनरने पुसला की खालून वाटा चमकत बाहेर येतात. त्या क्षणी वर्गात जो आरडाओरडा झाला त्याने शेजारच्या वर्गाची मॅडम धावत आल्या. वापरलेले पाणी आम्ही नाल्यात जाऊ दिले नाही. बाटलीत भरून पुढच्या पाटीसाठी ठेवले. त्यात तांबे विरघळलेले असते, आणि आमचा नाला पुढे लोकांच्या शेतांत जातो.

ही छापील पाटी ज्याच्या नावावर आहे तो पॉल आइस्लर व्हिएन्नाचा. ज्यू असल्यामुळे तिथे त्याला नोकरी मिळणे दुरापास्त झाले. 1936 मध्ये तो इंग्लंडला गेला आणि लंडनमध्ये त्याने अशा पाटीवर चालणारा रेडिओ तयार केला. सुरुवातीला कुणाला त्याचे महत्त्व वाटले नाही. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये हे तंत्र वापरले गेले तेव्हा जग जागे झाले. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, उनकू किराये का कमरा मिला क्या लंडन में?" वर्ग हसला. त्या मुलाच्या मोठ्या भावाला त्याच वर्षी एका शहरात नाव सांगितल्यावर खोली नाकारली होती, म्हणून आम्हाला हसू आले नाही.

डबीची कथा थोडक्यात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या, तिरक्या तळाच्या ठरावीक नळीत पूर्ण मावता कामा नये, अशी चाचणी असते. मुलाच्या घशाचा तो अंदाज. आम्ही पाइपातून तशी नळी केली. बाकाच्या उंचीवरून डब्या आपटल्या. पहिल्या दोन तडकल्या, तिसरी, जाड मऊ प्लास्टिकची, टिकली. झाकणाला दोन स्क्रू, आणि त्या मुलीच्या आग्रहाने ते नाण्याने फिरणार नाहीत असे.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात वाइंडिंगवाला मुलगा आणि ती मुलगी उभे राहिले. एका परीक्षकांनी खुळखुळा हलवून पाहिला, पाटी हातात घेतली आणि मराठीत विचारले, "हे किट कुठून मागवलं?"

मुलगा म्हणाला, "मागवलं नाही सर, आम्ही केलं."

"खरं सांग. नागपूरहून ना?"

मुलाचे मराठी इथे संपले. मुलीने पाटी पालथी करून पुढे धरली.

"हे काय, नक्षी आहे?"

"नाही सर, लिहिलंय. नववी वर्ग असं लिहिलंय. किटवर उर्दू येत नाही."

परीक्षक थोडे थांबले. मग त्यांनी ट्रान्झिस्टरचा पाय कुठला, कपॅसिटर कशाला, असे चार खरे प्रश्न विचारले आणि चारही उत्तरे कागदावर टिपून घेतली. आमचा प्रयोग जिल्ह्यावर गेला नाही. तक्ते कमी पडले, असे नंतर कानावर आले. तक्त्यांचे हे वेड कधी जाईल ते अल्लाह जाणे.

गावात मात्र मागणी झाली. 'आमच्या पोरासाठीही करून द्या' म्हणत लोक आले. हिशेब केला तर एका खुळखुळ्याला साठ रुपयांच्या वर सामान लागत होते, उरुसात पन्नासला मिळणाऱ्या खेळण्यापेक्षा महाग. आणि विकायचा तर आयएसआय परवाना हवा. मुलांना आम्ही स्पष्ट सांगितले की नियम आपल्यालाही आहे. ज्या कलमाने उरुसातले खेळणे चूक ठरते त्याच कलमाने आपले विनापरवाना विकणेही चूक. आपल्या हाताने आपल्या घरच्या मुलासाठी करणे वेगळे. एकूण पाच झाले. नकाशाच्या झेरॉक्स मात्र जो मागेल त्याला दिल्या.

आमच्या जलशांत वक्ते उठसूट मुसलमानांच्या सुवर्णकाळाचे दाखले देतात. अल-जझरीचे नाव हटकून येते. बहुतेकांना एवढेच ठाऊक असते की तो मोठा शास्त्रज्ञ होता. तो होता कारागीर, दियारबकरच्या अर्तुकी राजांच्या पदरी यंत्रे करणारा. 1206 मध्ये त्याने पुस्तक पुरे केले, त्यात पन्नास यंत्रे: पाणघड्याळे, कारंजी, पाणी उपसण्याची साधने, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या. प्रत्येकाची आकृती, भागांची मापे आणि कृती. दुसऱ्या कुणाला तसेच करता यावे अशा बेताने लिहिलेले. म्हणून तर विसाव्या शतकात लोकांना ती यंत्रे पुन्हा उभारता आली. आमचे उस्ताद त्याच्याहून हाताने कमी नाहीत. पण त्यांच्यातला एक गेला की त्याच्यासोबत एक दुकानभर विद्या कबरीत जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

2024 मध्ये सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती मुलगी दहावीत येऊन बसली. वाइंडिंगवाला आला नाही. घरी गेलो. त्याच्या अब्बांची तब्येत बिघडली होती, दुकानाची मजुरी घरात लागत होती. बाहेरून फॉर्म भरून दहावी दे, एवढे कबूल करून घेतले. फॉर्म भरला गेला आहे, पुस्तके त्याच्याकडे आहेत. वाचतो की नाही, सांगवत नाही.

काही महिन्यांनी शाळेतला पंखा वाइंडिंगला द्यायला त्याच्या दुकानात गेलो. तो पंखा उघडून बसला होता आणि मांडीवर आमच्याच शाळेची आलेख वही होती. जळालेले वेढे सोडवताना तो ते मोजत होता आणि चौकोनांत मांडत होता: कंपनी कुठली, वेढे किती, तार किती नंबरची, जोडणी कुठून कुठे. शब्द उर्दू लिपीत, आकडे डावीकडून. वहीची अर्धी पाने भरली होती. उस्ताद गल्ल्यावर बसले होते. ते आम्हाला म्हणाले, "सर, ये बच्चे कू लिखने की बीमारी लगा दी तुमने. पहले मै बोला, दुकान का राज कागज पे नै उतारते."

"मग आता?" आम्ही विचारले.

उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला, पंख्याच्या कोअरकडे एक नजर टाकली आणि मुलाला म्हणाले, "लिख. छत्तीस नंबर तार. वो पिछला पन्ना गलत है तेरा, पैंतीस लिखा. काट उसकू."